तुझ्या वाटणीची पेटी

पुणे,
३ जून

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

दोन महिन्यांत आठ वेळा फोन केला, तू एकदाही उचलला नाहीस. दोनदा वहिनींनी घेतला आणि "हे बाहेर गेलेत" म्हणाल्या. वहिनींना खोटं बोलता येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं तू न वाचता ठेवणार नाहीस, एवढी खात्री आहे.

आधी तेच लिहितो जे दोन महिने घशात अडकून बसलंय. त्या रात्री मी तुला जे बोललो ते माझ्या तोंडून जायला नको होतं. "नीट चौकशी न करता माझ्या पोरीला स्थळ आणलंसच कसं?" हे मी तुला म्हणालो. तुला! मनूच्या बारशाला कुंची घेऊन नाशिकहून रात्रीच्या एसटीने उभ्याने आलेल्या माणसाला. तू फक्त "चुकलं माझं" म्हणालास आणि फोन ठेवलास. दिन्या, तुझं काही चुकलेलं नाही. काय काय झालं ते सगळं सांगतो, मग तूच ठरव.

मुलाची नोकरी गणपतीच्या आधीच गेली होती. तू स्थळ सुचवलंस नवरात्रात. म्हणजे तू त्याच्या वडिलांशी बोललास, आपण सगळे पाहायला गेलो, साखरपुडा झाला, या सगळ्या काळात तो रोज सकाळी बॅग खांद्याला लावून खोलीवरून निघायचा आणि एका अभ्यासिकेत जाऊन बसायचा. स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात ना तशी. संध्याकाळी सातला परत. नाशिकला त्याच्या आईवडिलांना याचा पत्ता नव्हता. त्याचे वडील स्वतः आमच्याकडे येऊन गेले. तुझ्यासारखेच सरळ गृहस्थ. सोफ्याच्या कडेला बसले, पाण्याला हात लावला नाही, आणि "मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही हो त्याने" एवढंच दोनदा म्हणाले. ज्यांच्या घरातली गोष्ट त्यांनाच माहीत नव्हती, ती तुला कुठून कळणार होती? मी तर त्या मुलाबरोबर तीनदा जेवलोय. मी काय ओळखलं?

उघडकीला आलं ते फ्लॅटमुळे. वाकडला दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता दोघांनी. कर्ज दोघांच्या नावावर काढायचं, म्हणून बँकेने दोघांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या. मनूने तिच्या दिल्या. त्याच्या आज येतात, उद्या येतात. मग म्हणाला, कर्ज तुझ्या एकटीच्या नावावरच घेऊ. तेव्हा तिने सरळ विचारलं, आणि त्याने सांगून टाकलं. पाडव्यानंतर दहाबारा दिवसांनी.

घरी येऊन तिने आम्हाला काय सांगितलं, ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. म्हणाली, "बाबा, नोकरी गेली याचं मला काहीच वाटलं नाही. नोकऱ्या जातात. पण तो रोज रात्री मला ऑफिसातल्या गोष्टी सांगायचा. कोण कोणाशी भांडलं, कॅन्टीनला काय होतं. एकदा एका मित्राचा वाढदिवस झाला म्हणाला, आणि त्या केकमध्ये अननस होता हेसुद्धा सांगितलं. बाबा, तो केक नव्हताच."

केक नव्हताच, असं म्हणाली आणि आत जाऊन झोपली. सलग चौदा तास झोपली.

आता माझं सांगतो. हे सुधा सोडून कुणाला सांगितलेलं नाही. पुढचे दोन दिवस मी मनूला समजावत होतो. "पोरगा वाईट नाही, घाबरला असेल, पत्रिका वाटायला सुरुवात झालीय, कार्यालयाची अनामत भरलीय, लोक काय म्हणतील." पहिली पत्रिका पाडव्याला कसबा गणपतीसमोर ठेवून आलो होतो ना, माझा जीव त्यातच गुंतला होता. देवाला आमंत्रण देऊन झालंय, आता कसं फिरवायचं! तिसऱ्या दिवशी सकाळी मी परत तोच विषय काढला तेव्हा तिने काही उत्तर दिलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. पाचवीत असताना बोटाला टाके घालायला नेलं होतं तेव्हा पाहिलं होतं तसं. "दुखणार नाही" असं मी म्हणालो होतो आणि दुखलं होतं.

मी उठलो, चपला घातल्या आणि कसब्यात गेलो. बराच वेळ रांगेत उभा राहिलो. समोर पोचल्यावर काय म्हणावं सुचेना. "लग्न नाही होत, पोरीला सांभाळ" असं पुटपुटलो आणि बाहेर आलो. घरी येऊन मनूला म्हणालो, "मोडू या." ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी हे तीन दिवस आधी म्हणालो असतो तर ते तीन दिवस तिचे वाचले असते. ते मला अजून सलतं.

बाकीचं मोडणं लवकर उरकलं. कार्यालयाची अनामत बुडाली. केटररने निम्मे पैसे परत दिले. साखरपुड्यात त्यांच्याकडून आलेलं सगळं सुधाने जेवणाच्या टेबलावर मांडलं, अंगठी, चांदीचा नारळ, साड्या, ओटीचं सामान. उरलेल्या पत्रिकांपैकी एकीच्या पाठीवर तिने यादी केली आणि एकेक वस्तूपुढे खूण करत पिशवीत भरली. हात अजिबात थरथरला नाही तिचा. नातेवाइकांचे फोन ती घ्यायची. "मोडलं का?" विचारलं की, "हो, आम्ही नको म्हटलं" असं ठाम सांगायची. 'मोडलं' या शब्दात आपली पोर तुटल्यासारखी वाटते, म्हणून ती प्रत्येकाला 'आम्ही नको म्हटलं' असंच म्हणत राहिली. शालू तेवढा कपाटात आहे, लक्ष्मी रोडवरून मनूने स्वतः पसंत केलेला, पडवळी रंगाचा. तो ती नेसेल तेव्हा नेसेल.

आणि मग मे महिना समोर उभा राहिला. सगळ्यांच्या रजा मंजूर झालेल्या. मनूची तीन आठवड्यांची, बंगळुरूहून धाकट्याची दहा दिवसांची. आई सातार्‍याच्या आत्याकडून महिनाभर आधीच येऊन राहिलेली. लग्नघरातल्या पाहुण्यांसाठी मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याकडे हापूसच्या पाच पेट्या सांगून ठेवल्या होत्या, पैसे आधीच दिले होते, त्या ठरल्याप्रमाणे एकेक करून दारात येऊ लागल्या. आंब्यांना काय सांगणार? आतल्या खोलीत पेंढ्यावर मांडले. सकाळी उठलं की आई प्रत्येक आंबा हातात घेऊन देठाशी हुंगायची आणि कूस बदलून ठेवायची. अख्ख्या घराला वास. आणि त्या वासात पाच माणसं एकमेकांना काय बोलावं न कळून बसलेली.

मेच्या पहिल्या शनिवारी रात्री मनू म्हणाली, "उद्या सिंहगडला जायचं का? चालत."

पहाटे सव्वापाचला आम्ही तिघं आतकरवाडीला पायथ्याशी होतो. सुधा आणि आई मागाहून गाडीने डोणज्याकडून वर येणार होत्या. अर्ध्या वाटेपर्यंत मनू एक अक्षर बोलली नाही. पुढे चालत राहिली, तिची वेणी आणि टाचा एवढंच मला दिसत होतं. ऊन अजून अंगावर आलं नव्हतं. मधल्या एका वळणावर एक मावशी करवंदं घेऊन बसल्या होत्या, पळसाच्या द्रोणात. मनूने एक द्रोण घेतला. एक करवंद बोटात धरून मागे वळली आणि मला म्हणाली, "कोंबडा की कोंबडी?"

दिन्या, मला क्षणभर काही बोलताच येईना. आपण कात्रजच्या डोंगरात हाच खेळ खेळायचो, आणि मी तो तिला ती चार वर्षांची असताना शिकवला होता. मी म्हणालो, "कोंबडा." तिने करवंद अर्धं चावून मला दाखवलं. आत लालभडक. "बाबा जिंकले," म्हणाली आणि हसली. मग द्रोण संपेपर्यंत आम्ही तिघं वाटेत बसून तेच करत होतो. ओठ चिकट, बोटांना चीक, धाकट्याला सारख्या कोंबड्याच निघत होत्या. चढून जाणारी माणसं बघत होती. बघोत.

वर गेल्यावर तानाजीच्या समाधीपाशी नमस्कार केला, देवटाक्याचं पाणी प्यायलो. ते पाणी अजून तसंच गार आहे रे. आईसाठी धाकट्याने मडक्यातलं दही आणलं, पिठलं-भाकरी, ठेचा. आई म्हणाली, मी शेवटची इथे आले तेव्हा तुझे बाबा होते. मग कल्याण दरवाज्याकडे मनू आणि मी दोघंच गेलो. तिथे वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. लांब राजगड, तोरणा धुरकट दिसत होते. तिने माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, "मला बरं वाटतंय." एवढंच. आणि मी मानेनेच हो म्हणालो, कारण माझा आवाज निघाला नसता.

त्यानंतर आम्ही थांबलोच नाही. एका संध्याकाळी पर्वती. १०३ पायऱ्या, आई खाली बाकावर बसली आणि आम्ही वरून तिला हात केले. एकदा बनेश्वर. एकदा नुसतंच एम्प्रेस गार्डनमध्ये डबा घेऊन, मोठ्या झाडाखाली सतरंजी टाकून, धाकटा घोरत आणि सुधा मनूच्या केसांना तेल लावत. एक दिवस मस्तानी प्यायला म्हणून बाहेर पडलो आणि रात्री अकराला परत आलो.

मेणवलीला गेलो तो दिवस मात्र सविस्तर सांगायला हवा. खंबाटकी ओलांडून वाईला ढोल्या गणपती केला आणि पुढे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. लग्न ज्या आठवड्यात होतं त्याच आठवड्यात गेलो होतो, पण तसं कुणी बोलून दाखवलं नाही. वाड्याच्या चौकात सुधा एकटीच उभी राहिली, खांबांकडे, ओसरीकडे बघत. म्हणाली, "इथे केवढ्या पंगती बसत असतील." आणि तिथेच रडायला लागली. महिनाभर जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ती, पदर तोंडाला लावून. पंगती तिने मनात मांडल्या होत्या रे. कोण कुठे बसेल, कुणाला जिलबी आग्रहाने वाढायची, कुणाला साखर चालत नाही. तीनशे माणसांचं तिने मनात वाढून ठेवलं होतं. मनूने तिला धरलं, आणि दोघी ओसरीवर बसून राहिल्या. आम्ही दोघं पुरुष घाटावर निघून गेलो. त्या वेळी तिथे आमचं काम नव्हतं.

घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी ती मोठी घंटा आहे ना, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, ती धाकट्याने पहिल्यांदा पाहिली. त्यावर १७०७ साल आहे आणि मेरीची बाळ येशूला घेतलेली आकृती. तो बराच वेळ त्या आकृतीवर हात ठेवून होता. नंतर मायलेकी आल्या. कृष्णेला पाणी कमी होतं, पण पावलं बुडतील एवढं होतं. चौघंही पायऱ्यांवर पाय सोडून बसलो. आई घरी होती, तिच्यासाठी वाईहून हळद घेतली.

आणि आता खडकवासला. हे तुला सांगायचंच होतं, कारण यात तूही आहेस.

आई म्हणाली, मला गड नको, देऊळ नको, नुसतं पाण्याजवळ बसवा. संध्याकाळी चौपाटीवर गेलो. गाड्यांवर कणसं भाजत होती, भज्यांचा वास. आईला खुर्चीवर बसवलं. ती धरणाकडे बघत राहिली आणि मग आपल्या सुरात बोलायला लागली, जणू रोजचंच काही सांगतेय. म्हणाली, "१९६१ला हे फुटलं तेव्हा मी १८ वर्षांची होते. माझं लग्न ठरलं होतं."

आम्ही सगळे गप्प झालो. मला साठाव्या वर्षी ही गोष्ट पहिल्यांदा कळत होती.

१२ जुलै. पानशेत सकाळी फुटलं, मागोमाग हे फुटलं आणि पाणी शहरात शिरलं. आईचं माहेर तेव्हा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, भाड्याच्या दोन खोल्या. ही माणसं नेसत्या वस्त्रानिशी पर्वतीकडे पळाली. मार्गशीर्षातलं लग्न म्हणून आजोबांनी हप्त्याहप्त्याने भांडी घेऊन ठेवली होती. पितळी डबे, परात, तांब्याचं घंगाळ. परत आले तर खोल्यांच्या जागी गाळ. पंधरा दिवसांनी मुलाकडचे आले आणि आजोबांना म्हणाले, तुमच्याच्यानं आता लग्न निभायचं नाही, आम्ही दुसरीकडे बघतो. आजोबांनी त्यांना चहा पाजला, तोही शेजारच्यांच्या कपांतून.

मनूने विचारलं, "आजी, तुला काय वाटलं?"

आई म्हणाली, "काय वाटायचं? डोक्यावर छप्पर नव्हतं. मला घंगाळाचं वाईट वाटत होतं." मग जरा थांबून, "ते सापडलं मात्र. ओंकारेश्वरापाशी चिखलात उलटं पडलं होतं. एका बाजूने पोचा आला होता. माझ्या भावाने धुऊन आणलं. दोन वर्षांनी तेच घेऊन मी या घरात आले."

दिन्या, आठवतंय ना ते घंगाळ? वाड्यात दिवाळीच्या पहाटे आपल्या दोघांना एकाच पाटावर बसवून आई ज्यातून पाणी घालायची ते. त्याच्या बाजूचा तो पोचा. आपण चेंडू मारला म्हणून तो पोचा पडला, असं समजून आपण एक अख्खा दिवस लपून बसलो होतो, आणि आई काहीच बोलली नाही म्हणून आश्चर्य करत होतो!

ते घंगाळ वाडा सोडल्यापासून आमच्या माळ्यावर होतं. दुसऱ्या दिवशी मनूने ते काढलं. गच्चीत बसून चिंच आणि मीठ लावून दोन तास घासलं. हिरवं पडलेलं तांबं हळूहळू गुलाबी व्हायला लागलं. पोचा आहे तिथे तिने अंगठ्याने पुन्हा पुन्हा चोळलं, तिथली काळी रेघ काही गेली नाही. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. दोघी काही बोलत नव्हत्या. मी पेपर धरून आत बसलो होतो आणि एक ओळ वाचली नव्हती.

आता मनू कामावर जाऊ लागली आहे. रात्री जेवताना ऑफिसातलं सांगते. मधेच गप्प होते, तेव्हा मला कळतं काय आठवलं. मग धाकटा फोनवर काहीतरी बोलून तिला हसवतो. सगळं निस्तरलंय असं नाही. परवा रात्री दोनला तिच्या खोलीत दिवा होता. मी दार लोटलं, ती म्हणाली, "झोप येत नाही," आणि मी स्वयंपाकघरात जाऊन दोघांना चहा टाकला. तेवढं करता येतं, तेवढं करतो.

वहिनींना सांग, रुखवतासाठी त्यांनी विणून पाठवलेलं क्रोशाचं तोरण परत पाठवावं का, असं सुधा विचारत होती. मनूने ऐकलं आणि तिने ते स्वयंपाकघराच्या दाराला लावून टाकलं. "काकूंनी माझ्यासाठी विणलंय, लग्नासाठी नाही," म्हणाली. तिचा निरोप तुलाही आहे. मी पत्र लिहितोय कळल्यावर म्हणाली, "दिनूकाकाला लिहा, तो आला नाही तर मी नाशिकला येऊन त्याच्या दारात बसेन." बसेल रे ती.

तेव्हा ये. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतील तेव्हा ये. आपण दोघं रात्री निवडुंग्या विठोबाला जात होतो तसे जाऊ, टाळांच्या आवाजात. पण त्यासाठीही थांबू नकोस. पाचवी पेटी मेच्या शेवटी आली, ती तुझ्या वाटणीची म्हणून आईने कुणाला हात लावू दिला नाही. आता त्यातले दीड डझन उरलेत, बाकीचे पिकत गेले तसे शेजारी द्यावे लागले. हवेत ओल आलीय, आंबे फार दिवस राहायचे नाहीत. शनिवारी सकाळच्या गाडीने निघालास तर दुपारपर्यंत पोचशील. मनू ते घंगाळ भरून ठेवते म्हणाली आहे, तू आलास की आंबे त्यात भिजत घालू.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अन्या